एटीएममध्ये कीपॅडवर रोखलेला कॅमेरा दिसला. तो बँकेचाच आहे हे कसं ओळखायचं, आणि पिन कसा सांभाळायचा?

तुम्ही लिहिलंय की गावातल्या एटीएममध्ये स्क्रीनच्या वरच्या पट्टीखाली हरभऱ्याएवढा काळा ठिपका दिसला, तो खाली कीपॅडकडे बघत होता, आणि त्याच मशीनमधून तुम्ही गेल्या आठवड्यात पैसे काढले होते. तर बाकीचं नंतर वाचा, आधी पिन बदला. बँकेच्या ॲपमधून बदलता येतो. ॲप नसेल तर दुसऱ्या एटीएमवर जा, शक्यतो शाखेला लागून असलेल्या.

मी नऊ वर्षं एटीएममध्ये रोकड भरणाऱ्या गाडीवर होतो. आम्हाला कस्टोडियन म्हणतात. तिजोरीच्या आकड्यांचा अर्धा भाग माझ्याकडे, अर्धा जोडीदाराकडे. दोघं हजर असल्याशिवाय दार उघडायचं नाही. इतकी वर्षं रोज मशीनच्या तोंडाशी उभं राहिल्यावर कुठलं भिंग कुठे बघतं ते पाठ होतं.

बँकेला तुमचा चेहरा हवा असतो. त्यासाठी मशीनमध्येच स्क्रीनच्या वर किंवा बाजूला एक कॅमेरा असतो आणि तो सरळ समोर बघतो. दुसरा खोलीच्या कोपऱ्यात छताजवळ असतो, दारापासून मशीनपर्यंत सगळं टिपणारा. हे कॅमेरे लपवलेले नसतात. बोटं कुठल्या आकड्यावर पडतात हे बँकेच्या कॅमेऱ्यात येताच कामा नये, तो बसवताना ही काळजी घ्यायची असते. त्यामुळे कीपॅडकडे वाकून बघणारं काहीही दिसलं की ते संशयास्पदच समजा, मग ते कितीही सफाईने बसवलेलं असो.

मी स्वतः असं एकदाच पाहिलंय. सांगली जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी. रोकड भरून झाली होती आणि मी सवयीने फडक्याने स्क्रीन पुसत होतो. वरच्या कडेला फडकं अडकलं. वीतभर लांबीची करडी प्लास्टिकची पट्टी होती, रंग अगदी मशीनचाच. पण बाकी सगळ्या मशीनवर धुळीचा थर आणि ही पट्टी मात्र कोरी! खाली वाकून वर पाहिलं तर पट्टीला टाचणीच्या टोकाएवढं भोक. आम्ही हात लावला नाही, फोन केले. पोलिसांनी ती उचकटली तेव्हा आतून मोबाईलमधला असतो तसा कॅमेरा, चपटी बॅटरी आणि मेमरी कार्ड निघालं. सगळं दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपवर उभं होतं. कार्ड घालायच्या खाचेवरही खोटं तोंड बसवलेलं होतं.

तिजोरीसारखे चोरालाही दोन अर्धे लागतात. खाचेवरचं खोटं तोंड, म्हणजे स्किमर, कार्डाच्या मागच्या काळ्या पट्टीवरची माहिती उतरवून घेतो. त्या पट्टीवर पिन नसतो, म्हणून कॅमेरा लागतो. पहिला अर्धा तुमच्या हातात फारसा नाही, कारण स्किमर कधीकधी इतका बेमालूम असतो की आम्हीसुद्धा फसू. खाच बोटाने हलवून बघावी, सैल लागली तर कार्ड घालू नये, एवढंच. दुसरा अर्धा मात्र पूर्ण तुमच्या हातात आहे, अगदी शब्दशः.

कॅमेरा दिसला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. 2016 मध्ये तिरुवनंतपुरमच्या एका एटीएममध्ये परदेशातून आलेल्या टोळीने छताला धुराच्या सेन्सरसारखी दिसणारी चकती लावली होती, आत कॅमेरा. पैसे निघाले ते मुंबईतून, आणि टोळीतला एकजण पकडला गेला तोही मुंबईतच. सेन्सरकडे मान वर करून कोण बघतं? म्हणून मी कॅमेरा शोधत बसत नाही. तो आहेच असं धरून चालतो.

हात कसा धरायचा, ते महत्त्वाचं. बहुतेक लोक हात आडवा धरतात आणि समाधान मानतात. इटलीतल्या पादुआ विद्यापीठातल्या संशोधकांनी हाताने झाकून पिन दाबणाऱ्यांची चित्रफीत संगणकाला शिकवली, तर चार आकडी पिन तीन प्रयत्नांत ओळखायचं प्रमाण 41 टक्के निघालं! बोटं दिसली नाहीत तरी मनगट आणि हाताची हालचाल दिसते. म्हणून डाव्या हाताचा तळवा कीपॅडला जवळजवळ टेकवून छपरासारखा धरा आणि उजवा हात त्याच्याखाली मनगटापर्यंत जाऊ द्या. पाकीट किंवा पासबुक धरलं तर आणखी चांगलं. मी आणखी एक करतो: तीन बोटं तीन बटणांवर टेकवलेली ठेवतो आणि नुसता दाब देतो, म्हणजे हात वरखाली होत नाही. आईला हे शिकवायला दोन पेन्शनं गेली, आता ती पदर धरते. तो सगळ्यात उत्तम.

‘पिन उलटा दाबला की पोलिसांना कळतं’ आणि ‘कार्ड घालण्याआधी दोनदा कॅन्सल दाबा’ हे दोन्ही निरोप फिरत असतात. दोन्ही खोटे आहेत, त्यावर विसंबू नका.

कार्डावर चिप आहे म्हणून काळजी नाही, असंही अनेकांना वाटतं. चिपची नक्कल सहजासहजी होत नाही, हे खरं. पण मागची काळी पट्टी अजून तिथेच आहे, आणि तिची नक्कल परदेशात जिथे पट्टीच वाचली जाते तिथे चालू शकते. ॲपमध्ये जाऊन आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद आहेत ना ते बघा आणि रोजची मर्यादा कमी करा. मशीनवर यूपीआयने पैसे काढायची सोय असेल तर कार्ड खिशातच राहू द्या. क्यूआर स्वतःच्या फोनवर स्कॅन करायचा, पिनही फोनवरच टाकायचा.

पैसे गेलेच तर वेळ फार मोलाची आहे. आधी कार्ड ब्लॉक करा, मग सायबर फसवणुकीच्या 1930 या सरकारी हेल्पलाइनवर फोन, मग बँकेत लेखी तक्रार. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार चूक तुमचीही नसेल आणि बँकेचीही नसेल, आणि पैसे गेल्याचा बँकेचा निरोप मिळाल्यापासून तुम्ही कामाच्या तीन दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर काहीही बोजा येत नाही. कामाचे चार ते सात दिवस लागले तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त 10,000 रुपयांपर्यंत भार सोसावा लागू शकतो. कळवल्यापासून कामाच्या दहा दिवसांत बँकेने रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची असते. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारीही बँकेवरच आहे. पण पिन कार्डाच्या पाकिटावर लिहून ठेवला असेल किंवा कोणाला सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचंच. लेखी तक्रारीत ‘त्या दिवसाचं चित्रीकरण जपून ठेवावं’ हे वाक्य नक्की घाला, कारण चित्रीकरण कायम साठवलेलं राहत नाही.

आता तुमच्या त्या काळ्या ठिपक्याबद्दल. तो स्वतः ओढून काढू नका. बोटांचे ठसे जातात, आणि ज्याने लावलाय तो आसपास रस्त्यावर उभा असू शकतो. बाहेर या, थोडं दूर जा, मशीनवर चिकटवलेला क्रमांक आणि वेळ लिहून घ्या, मग शाखेत जा. शाखा बंद असेल तर 112. शाखेतले ‘तो आमचाच आहे’ म्हणाले तर त्यांना सोबत मशीनपाशी न्या आणि तो कीपॅडकडे का रोखलाय ते त्यांच्यासमोरच विचारा.