आमच्यानंतर लेक स्वतंत्र राहू शकेल का? एका बहिणीचं सविस्तर उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही लिहिलंय की लेक 19 वर्षांची आहे, डाऊन सिंड्रोम (जन्मतःच असलेली गुणसूत्रांची स्थिती, शिकायला-बोलायला जास्त वेळ लागतो) आहे, विशेष शाळा यंदा संपली. बोलते, पण परक्यांना कळत नाही, म्हणून दवाखान्यात, दुकानात, पाहुण्यांसमोर तुम्हीच तिच्या वतीने बोलता. आमच्यानंतर ती स्वतंत्र राहू शकेल का, काय शिकवायला घ्यावं आणि कायदेशीर पालकत्व आत्ताच घ्यावं का, हे तुमचे प्रश्न.

माझा धाकटा भाऊ 38 वर्षांचा आहे, त्यालाही डाऊन सिंड्रोम आहे. आई-बाबा गेल्यावर तो पुण्यात आमच्याच इमारतीत, एक मजला खाली, वन रूम किचनमध्ये राहतो. संध्याकाळी एक मावशी दोन तास येतात, बाकी मी वरच आहे. स्वतंत्र राहणं म्हणजे सगळं एकट्याने करणं, असं धरून चाललात तर उत्तर कायम ‘नाही’च येईल. मदत लागणारच. पण कोणती मदत, कोणाची आणि केव्हा, हे ठरवताना तिला विचारलं जातं का, यावर सगळं अवलंबून आहे.

म्हणून स्वयंपाक, पैसे, बस यांच्याआधी मी संवाद ठेवीन. त्यातही ‘नको’ म्हणणं पहिलं. जिच्या ‘नको’ला घरात किंमत नाही, ती बाहेर कोणी अंगाला हात लावला तर ‘नको’ कुठून म्हणणार? जेवणातली नावडती भाजी, अंगावरचा कपडा, लग्नाला यायचं की नाही, अशा साध्या ठिकाणी तिचा नकार मान्य व्हायला हवा, तुमची गैरसोय झाली तरी.

सुरुवात कानांपासून करा. डाऊन सिंड्रोममध्ये ऐकू कमी येण्याचं प्रमाण बरंच असतं. ‘हट्टी आहे, ऐकत नाही’ म्हणतात त्यातल्या कितीतरी जणांना खरंच नीट ऐकू येत नसतं. ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या, सोबत थायरॉइडही तपासा, कारण थायरॉइड बिघडला की ही मुलं सुस्त होतात आणि लोक त्याला आळस म्हणतात. एकंदरीत यांना ऐकलेल्यापेक्षा पाहिलेलं जास्त लक्षात राहतं, हेही पक्कं ध्यानात ठेवा.

आता प्रश्न कसा विचारायचा ते. भावाला ‘चहा हवा का?’ विचारलं की ‘हो’. ‘कॉफी हवी का?’ तरी ‘हो’. ‘चहा की कॉफी?’ विचारलं की ‘कॉफी’, आणि उलटं विचारलं की ‘चहा’. म्हणजे तो निवड करतच नव्हता, कानावर शेवटी पडलेला शब्द परत देत होता. आयुष्यभर ‘हो’ म्हटलं की समोरचा खूश होतो हे शिकलेल्या माणसाचं असंच होतं. यावर उपाय सोपा आहे. दोन्ही डबे समोर ठेवायचे आणि गप्प बसायचं. थोड्या वेळाने डबे डावे-उजवे बदलून पुन्हा विचारायचं. दोन्ही वेळा बोट एकाच डब्याकडे गेलं तर ते त्याचं उत्तर. मोठ्या गोष्टींनाही हेच लागू आहे. कामाला कुठे जायचं, हे तोंडी विचारू नका. दोन्ही जागा दाखवा, फोटो काढा, मग फोटो समोर ठेवून वेगवेगळ्या दिवशी विचारा.

आणि थांबा. विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा. आपण दोन सेकंदांत प्रश्न वेगळ्या शब्दांत परत विचारतो, आणि तिला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. एका वाक्यात एकच गोष्ट सांगा. ‘जेवली नाहीस का?’ असा नकारात घुमवलेला प्रश्न टाळा. ‘मग बघू’, ‘थोड्या वेळाने’ यांनी काहीच कळत नाही. ‘परवा’ तर मागचाही असतो आणि पुढचाही. आमच्याकडे कालनिर्णयच्या चौकोनावर बोट ठेवल्याशिवाय कुठलाही बेत सांगत नाहीत.

चित्रं वापरायची तर घरातल्याच वस्तूंचे फोटो घ्या. नेटवरच्या सुंदर कपबशीच्या चित्रापेक्षा रोजच्या चहाच्या पुड्याचा फोटो लवकर ओळखला जातो. मोबाइलवर चालत असेल तर आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो हे मोफत अ‍ॅप बघा. त्यात मराठी आहे, चित्राला हात लावला की ते बोलतं. ‘अ‍ॅप दिलं तर बोलणंच सोडेल’ असं कोणी सांगेल, त्याकडे लक्ष देऊ नका. चित्र किंवा खूण हाताशी असली की बोलायची धडपड कमी होत नाही, उलट समोरच्याला कळतंय म्हटल्यावर हुरूप येतो.

दवाखान्याचं तुम्ही खास विचारलंय. भाऊ कुठेही दुखलं तरी ‘पोट’ म्हणायचा. दाढ सुजली होती तेव्हाही ‘पोट’च. मग कागदावर माणसाची पुढची-मागची आकृती काढली. घरात काही लागलं-खुपलं की त्यावर बोट ठेवायची सवय केली, दुखत नसतानाच. आता तो कागद त्याच्या पाकिटात घडी करून असतो. सोबत एक कार्ड: ‘मला समजतं. उत्तर द्यायला वेळ लागतो. माझ्याशी बोला.’ डॉक्टर तरीही माझ्याकडेच बघून विचारतात, तेव्हा मी उत्तर न देता भावाकडे बघते. ते मग आपसूक त्याच्याकडे वळतात. तुमची खुर्ची लेकीच्या किंचित मागे सरकवून बसा, फार फरक पडतो.

कामं शिकवताना शेवटची पायरी आधी शिकवा. वॉशिंग मशीनचं बघा: कपडे, पावडर, नळ, झाकण सगळं तुम्ही करा आणि सुरू करायचं बटण तिला दाबू द्या. त्या बटणावर लाल टिकली चिकटवा. मशीन सुरू झालं की काम तिने पूर्ण केलेलं असतं. ते जमलं की झाकणही तिच्याकडे, मग पावडर, असं मागे मागे या. पहिल्या पायरीपासून सुरुवात केली की बहुतेक वेळा अर्ध्यात आपणच हातातून काढून घेतो. स्वयंपाकाला गॅसऐवजी आपोआप बंद होणारी इंडक्शन शेगडी घ्या.

पैशांची बेरीज-वजाबाकी आली नाही म्हणून अडून बसू नका. 34 रुपये सांगितले की दहाच्या चार नोटा द्यायच्या, म्हणजे नेहमी वरची नोट, एवढं आलं तरी भाजी आणता येते. बसचा सराव करताना ‘बस आलीच नाही तर’ हाही प्रसंग मुद्दाम घडवून बघा. रस्ता पाठ होतो, पण घोळ झाला की काय करायचं ते शिकवलेलं नसतं.

आता पालकत्व. 18 पूर्ण झाल्यावर आई-वडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत, हे खरं. राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 खाली बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींत अडचण) आणि बहुविकलांगता (एकाहून जास्त अपंगत्वं) असलेल्यांसाठी पालक नेमून घ्यायला जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करता येतो. पण कोणीतरी ‘करून ठेवा’ म्हटलं म्हणून धावू नका. आधी कागदावर लिहा की नेमका कोणता व्यवहार अडलाय. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधलं कलम 14 मर्यादित पालकत्वाचं आहे. त्यात निर्णय पालक आणि ती व्यक्ती, दोघांनी मिळून, परस्पर विश्वासाने घ्यायचा असतो आणि तो ठरावीक बाबीपुरता, ठरावीक काळापुरता असतो. त्याच कायद्यात संवादाच्या व्याख्येत सोपी भाषा, मोठी अक्षरं, पूरक आणि पर्यायी संवाद (म्हणजे बोलण्याच्या जोडीला किंवा ऐवजी चित्रं, खुणा, अ‍ॅप) हे सगळं येतं. म्हणून एखाद्या कार्यालयात ‘हिला काय कळतंय’ म्हणाले तर चित्रं दाखवून समजावू द्या, असं ठामपणे सांगा. राष्ट्रीय न्यासाचा निरामय आरोग्य विमा अजून काढला नसेल तर या आठवड्यात काढा. एक लाखापर्यंत संरक्षण आहे आणि आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही.

निवासी संस्था बघायला गेलात तर इमारत, बाग, भिंतीवरची चित्रं यांच्यावर जाऊ नका. रात्री भूक लागली तर फ्रिज उघडता येतो का, खोलीत शिरताना दार वाजवतात का, झोपायची वेळ कोण ठरवतं, हे विचारा. आणि लेकीला सोबत न्या, तिथे राहणाऱ्यांशी तिला बोलू द्या. भावाच्या घराची जादा किल्ली माझ्याकडे आहे, पण मी बेल वाजवूनच जाते. कधी तो आतून ‘नंतर ये’ म्हणतो, मी परत वर येते.

यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) झालंय का आणि जिल्हा कोणता, तेवढं लिहा. समितीच्या अर्जाला कोणते कागद लागतात ते मग सांगते.