इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर ‘अर्थ फॉल्ट’ दाखवतो. वायरमन म्हणतो, सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडून टाकू. चालेल का?

नाही, अजिबात नको. जोडल्यावर लाल दिवा जाईल, गाडी चार्जही होईल, आणि खरी गोम तिथेच आहे. फेजपासून अर्थकडे थोडासा करंट जातो का आणि न्यूट्रल-अर्थमधलं व्होल्टेज कमी आहे का, एवढंच चार्जर तपासतो. असा लूप मारला, म्हणजे न्यूट्रल-अर्थ जोडले, की दोन्ही ठीक दिसतं. पण मीटरपासून सॉकेटपर्यंत न्यूट्रल कुठे तुटला, किंवा नुसता स्क्रू ढिला होऊन सुटला, की चालू उपकरणांतून येणारी फेज थेट अर्थच्या पिनेवर येते. गाडीचा पत्रा त्याच पिनेला जोडलेला आणि खाली रबराचे टायर. ओल्या पार्किंगमध्ये दाराला हात लावणाऱ्याच्या अंगातून तो करंट जमिनीत जाणार. ऑनलाइन मिळणारे ‘अर्थिंग अ‍ॅडॉप्टर’ही आतून असलीच फसवणूक करतात.

बोर्डात आरसीसीबी (करंटची गळती दिसताच लाइन तोडणारा स्विच) असेल तर लूपनंतर तो वारंवार पडायला लागतो, कारण न्यूट्रलचा काही करंट अर्थवरून परत जातो. मग ‘आरसीसीबी खराब आहे’ म्हणून तोच काढला जातो. म्हणजे उरलेलं संरक्षणही गेलं.

आधी सॉकेटवर मल्टिमीटर लावायला सांगा. समोरून पाहताना अर्थचं मोठं भोक वर, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. फेज-न्यूट्रल 230 च्या आसपास, फेज-अर्थही जवळजवळ तेवढंच, न्यूट्रल-अर्थ 2-3 व्होल्टच्या आत हवं. न्यूट्रल-अर्थला 230 आणि फेज-अर्थला शून्य आलं तर फेज आणि न्यूट्रलच्या तारा उलट्या लागल्यात. मेन बंद करून बदलल्या की काम संपलं. फेज-अर्थला 90-120 असं काहीतरी अधांतरी दिसलं तर अर्थची तार बहुधा तुटलेली आहे. चार्जिंग सुरू झाल्यावरच फॉल्ट येत असेल तर न्यूट्रल बारीक किंवा ढिला असण्याची शक्यता जास्त: 14 अँपिअर ओढताना न्यूट्रलला अर्धा ओहम रोध असला तरी 7 व्होल्ट चढतात. इन्व्हर्टर किंवा जनरेटरवर फॉल्ट आला तर अर्थिंगला लगेच दोष देऊ नका, तिथे न्यूट्रल बऱ्याचदा तरंगता, म्हणजे अर्थला न जोडलेला असतो.

मात्र मल्टिमीटर करंट जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळे गंजून धाग्याएवढ्या उरलेल्या तारेवरही 230 झकास दिसतं. अर्थ टेस्टरनेच मोजून घ्या. फेज-अर्थमध्ये बल्ब लावून बघण्याची पद्धत मला पसंत नाही: अर्थ तुटलेला असेल तर त्या बल्बमधून घरातल्या सगळ्या उपकरणांच्या पत्र्यावर फेज जाते.

नवीन अर्थिंगसाठी 40 मिमीचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप, अडीच ते तीन मीटर खोल, भोवती बेंटोनाइटचं (ओल धरून ठेवणाऱ्या मातीचं) तयार मिश्रण. मीठ-कोळसा स्वस्त, पण मीठ पाइप खातं. 5 ओहमच्या आत रीडिंग घ्या, आणि तेही मे महिन्यात. जुलैच्या चिखलात कोणताही खड्डा पास होतो. कोकणातल्या जांभ्यात किंवा घाटावरच्या काळ्या दगडात एक पाइप बहुधा पुरत नाही. दुसरा निदान तीन मीटर लांब ठोकून दोन्ही जोडा. घराचं जुनं अर्थिंगही त्यालाच जोडा, दोन वेगळे अर्थ ठेवू नका. सोसायटीत मीटर रूममधल्या अर्थ पट्टीपासून वेगळी हिरवी तार आणा. नळाला जोडण्याचा जुना जुगाड आता प्लास्टिकच्या पाइपांमुळे निकामीच आहे.

15 अँपिअरच्या चार्जरला फेज, न्यूट्रल, अर्थ तिन्ही 4 चौरस मिमी तांब्याच्या, थेट बोर्डातून, मध्ये जोड नाही. 7.2 किलोवॅटच्या वॉलबॉक्सला (भिंतीवर बसवायच्या चार्जरला) 6 चौरस मिमी.

‘एमसीबी (जादा करंटला पडणारा स्विच) आहे की’ हे उत्तर स्वीकारू नका. 5 ओहमच्या अर्थमधून फार तर 46 अँपिअर वाहतात. 20 अँपिअरच्या सी-कर्व्ह (पाच ते दहा पट करंटला झटक्यात पडणाऱ्या) एमसीबीला झटक्यात पडायला 100 ते 200 लागतात. म्हणून या लाइनवर स्वतंत्र 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच, आणि तो टाइप ए. दुकानात सहसा टाइप एसी (फक्त एसी गळती ओळखणारा) पुढे करतात, पण गाडीच्या चार्जरमधून डीसी गळती झाली तर तो आंधळा होतो. चार्जरमध्ये 6 मिलिअँपिअरचं डीसी संरक्षण नसेल तर टाइप बी (सरळ डीसी गळतीही ओळखणारा) लागेल, तो बराच महाग पडतो.

आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. पण ते बटण अर्थ तपासत नाही, अर्थची तार काढून ठेवली तरी आरसीसीबी त्याने पडतो. त्यामुळे अर्थचं रीडिंग दर उन्हाळ्यात वेगळं घ्यावंच लागतं.