गावी आई एकटी राहते. जुनं लँडलाइनवरचं ब्रॉडबँड काढून फायबर घ्यावं का? स्पीड किती मिळेल, नंबर राहील का?

घ्या. यंदाच्या पावसाआधीच घ्या. आमच्या घरात याच विषयावरून माझं आणि दादाचं अजून वाजतं, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

आमचं घर दापोली तालुक्यात. बाबांनी फोन घेतला तेव्हा वाडीत दुसरा फोन नव्हता. मुंबईहून कोणाचाही निरोप आमच्याच ओटीवर यायचा. पुढे त्याच तारेवर ब्रॉडबँड आलं. तांब्याच्या तारेचं असं की टेलिफोन एक्स्चेंजपासून घर जितकं लांब, तितका वेग कमी. एडीएसएल-टू-प्लसचे (तांब्याच्या तारेवरच्या ब्रॉडबँडचा एक प्रकार) २४ एमबीपीएस एक्स्चेंजच्या शेजाऱ्याला. चार-पाच किलोमीटरवर एक-दोन मिळाले तरी खूप. त्यात पाऊस लागला की जॉइंटमध्ये पाणी शिरायचं, फोनला खरखर आणि मॉडेमवरचा डीएसएलचा दिवा नुसता लुकलुकत. जुने लाइनमन होते तोवर खांबावर चढून जॉइंट नवा बांधून द्यायचे. ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कोणी आलंच नाही.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि आमच्याकडचे खांबच आडवे झाले. तो अख्खा पावसाळा आईचा फोन बंद. नंतर तारा ओढल्या, पण लाइन पहिल्यासारखी झाली नाही. म्हणून वाडीपर्यंत फायबर आल्या आल्या मी ते घेतलं. दादा ठाण्यात असतो. त्याचं म्हणणं, "वीज गेली तरी तांब्याचा फोन चालतो. तू आईचा तोच आधार तोडलास."

त्या तारेत एक्स्चेंजच्या ४८ व्होल्टच्या बॅटरीचा करंट असतो, घरच्या विजेची गरज नसते, हे खरं. पण एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्याच थकलेल्या असतील आणि खांब शेतात पडलेले असतील, तर तो करंट घरापर्यंत येणार कसा? फायबरमधून फक्त प्रकाश येतो, म्हणून ओएनटीला (घरात फायबरची वायर जिला लागते ती पेटी) वीज घरातूनच द्यावी लागते. त्यासाठी मिनी यूपीएस, म्हणजे छोटा बॅटरीचा डबा मिळतो. ओएनटी आणि राउटरच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट लिहिलेत ते बघून घ्या, बहुतेक १२ असतात. काही तास सहज निघतात. आमच्याकडे वीज गेल्यावरही आई नातवाशी व्हिडिओवर बोलते. आधार कशाला म्हणायचं ते दादाने गावी येऊन एकदा बघावं.

नंबरचं सांगते. त्याच कंपनीचं फायबर तुमच्या एक्स्चेंजच्या भागात असेल तर जुना नंबर त्यावर घेता येतो, फोनची वायर मग ओएनटीला लावायची. आम्ही बाबांचा नंबर असाच राखला. कंपनी बदललीत तर तो गेला, कारण मोबाइलसारखी पोर्टेबिलिटी आपल्याकडे लँडलाइनला नाही.

स्पीडच्या मागे लागू नका. एकट्या आईला सगळ्यात स्वस्त प्लॅन पुरतो. त्यापेक्षा वायर तुटल्यावर जोडायला कोण येणार, स्प्लायसिंगचं (तुटलेली फायबर जोडायचं) मशीन त्याच्याकडे आहे की तालुक्याहून आणावं लागतं, हे आधी विचारा. आमच्याकडे वायर आंब्याच्या फांदीवरून नेली होती. वानरांनी ती लोंबकळून तोडली. आता ती झाडापासून लांबून आणली आहे आणि घराजवळ थोडं वेटोळं जास्तीचं ठेवलंय. जोडणी झाली की मीटरवरचं प्रकाशाच्या सिग्नलचं रीडिंग दाखवायला सांगा. आमचं उणे २१ डीबीएमच्या आसपास आहे. उणे २७ च्या खाली गेलं की कनेक्शन सारखं तुटतं. ओएनटीवर एलओएसचा (फायबरमधून सिग्नल येत नसल्याचा) लाल दिवा लागला तर राउटर बंद-चालू करत बसू नका, वायरवाल्याला फोन करा. जांभ्याच्या भिंतींतून वायफाय नीट जात नाही, म्हणून राउटर ओटीवर न ठेवता माजघरात ठेवा.

हो, जुनी लाइन लगेच बंद करू नका. तिच्यावर अजून फोन लागत असेल तर फायबरचा एक पावसाळा जाऊ द्या. (नंबर त्याच कंपनीच्या फायबरवर नेलात तर अर्थातच दोन्ही ठेवता येणार नाही.) सीसीटीव्ही बाहेरून बघायचा असेल तर पब्लिक आयपी (बाहेरून थेट पोचता येईल असा इंटरनेटवरचा पत्ता) मिळतो का ते आधीच विचारून ठेवा. आणि जुनं बंद करताना मॉडेम कंपनीचं असेल तर परत केल्याची पोच घ्या, डिपॉझिटचा अर्ज त्याच दिवशी द्या.