सप्टेंबर ते नोव्हेंबर : विद्यानगरीत काय काय असते?

आपण कोल्हापूरहून मुंबई विद्यापीठाच्या कलिन्यातल्या संकुलात, म्हणजे विद्यानगरीत, एम. ए.साठी आल्या आहात आणि पुढील तीन महिन्यांत विद्यापीठात काय काय असते, त्यातील कशात भाग घ्यावा, असे विचारले आहे. मी याच संकुलात दोन वर्षे शिकले. आधी एक गोष्ट ध्यानात घ्या : मुंबईतल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला शरद ऋतू फार थोडा येतो. गणपतीचे विसर्जन आणि सत्रपरीक्षा यांच्यामध्ये मोजकेच आठवडे हाती लागतात, पुढे दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृह ओस पडते. विद्यापीठाच्या युवा महोत्सवाच्या प्राथमिक फेऱ्याही पावसाळ्यातच सुरू होतात. त्यामुळे ‘जरा रुळले की बघू’ असे म्हणत थांबलात, तर यंदा प्रेक्षकातली खुर्ची तेवढी मिळेल.

तरीही माझा आग्रह एकांकिकांसाठी आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांमुळे सप्टेंबरमध्ये तालमींना ऊत आलेला असतो. पात्रनिवड आधीच झालेली असली, तरी नेपथ्य उचलायला, वेशभूषा सांभाळायला आणि संहिता हातात धरून बसायला माणसे नेहमीच कमी पडतात. मी स्वतः रंगमंचावर एकदाही उभी राहिले नाही. पण विंगेत उभे राहून, प्रकाश बदलण्याची खूण चुकू नये म्हणून श्वास रोखून धरताना नाटकाबद्दल जे कळले, ते वर्गातल्या टिपणांत नव्हते. विद्यानगरीतच नाट्यशिक्षणाचा विभाग आणि लोककला अकादमी आहे. तेथील विद्यार्थ्यांचे प्रयोग चुकवू नका.

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झाली, म्हणून त्या दिवसाच्या आसपास अनेक महाविद्यालयांत उपक्रम असतात. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जुहूच्या किंवा दादरच्या चौपाटीवर स्वच्छतेसाठी विद्यार्थ्यांची पथके जातात, त्यांच्याबरोबर एकदा जाऊन या. ओहोटीच्या वाळूत अडकलेले प्लास्टर ऑफ पॅरिसचे हात आणि मुकुट गोळा करणे हे काम मनाला जड जाते, हे आधीच सांगून ठेवते.

नवरात्रात मुलींच्या वसतिगृहात भोंडला होतो, म्हणजे आपल्याकडचा हादगाच. पाटावर हत्ती काढून फेर धरायचा आणि शेवटी खिरापत ओळखायची. कोल्हापूरची गाणी आठवत असतील, तर आपला भाव वधारेल! १५ ऑक्टोबरला, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जन्मदिनी, वाचन प्रेरणा दिन असतो. भाषणे सोडली तरी चालतील, ग्रंथप्रदर्शन मात्र पाहा. ५ नोव्हेंबरचा मराठी रंगभूमी दिन अनेकदा नेमका सुट्टीच्या तोंडावर किंवा सुट्टीत येतो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केले, त्याची ही आठवण. त्या वेळी आपण घरी असाल, तर सांगली तुम्हाला कलिन्यापेक्षा जवळ पडेल. पवईच्या आयआयटीतला ‘मूड इंडिगो’ हा विद्यार्थ्यांचा सांस्कृतिक महोत्सव डिसेंबरात असल्याने परीक्षेच्या आड येत नाही.

नवरात्र, कोजागरी, दिवाळी हे सारे तिथीवर असल्याने तारखा दरवर्षी सरकतात. यंदाच्या तारखांसाठी विभागाच्या सूचनाफलकावर नजर ठेवा आणि वसतिगृहात कोजागरीच्या मसाला दुधाची वर्गणी गोळा करणाऱ्या मुलीला आधी गाठा. संकुलात कुठे काय चालले आहे, हे बहुतेक तिलाच ठाऊक असते.