पाच दिवस झाले, सायनस का उतरत नाही?

"पाच दिवस गोळ्या खातेय, तरी वाकलं की गाल ठणकतात. शेंबूडही आता हिरवट झालाय. अँटिबायोटिक दिलं असतं तर एव्हाना मोकळी झाले असते ना?" चाळिशीतल्या या बाईंना ताप नव्हता, त्रास वाढतही नव्हता. मात्र "तीन-चार दिवसांत आराम पडेल" एवढंच ऐकून त्या घरी गेल्या होत्या, त्यामुळे पाचव्या दिवशी औषध फसलं असं त्यांना वाटणारच.

सायनसचा त्रास बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतो आणि त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. पहिले काही दिवस तो चढतो, मग सात ते दहा दिवसांत हळूहळू उतरतो. हिरवा रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे येतो, त्यावरून जिवाणू ठरत नाहीत. म्हणून त्यांना कॅलेंडरवर दहाव्या दिवशी खूण करायला सांगितली. तोवर काहीच उतार नाही, किंवा बरं वाटता वाटता पुन्हा उलटलं, किंवा १०२ फॅरनहाइटच्या वर ताप आणि गालदुखी तीन-चार दिवस टिकली, तर अँटिबायोटिकचा विचार.

खरी गडबड स्प्रेमध्ये होती. नाक मिनिटांत मोकळं करणारा स्प्रे त्या पाचही दिवस मारत होत्या. तो तीन दिवसांच्या वर गेला की असर ओसरताच नाक जास्तच चोंदतं. स्टेरॉइडचा स्प्रे मात्र "काही होत नाही" म्हणून दोनदा मारून ठेवून दिलेला! त्याचा गुण यायला बरेच दिवस लागतात, रोज मारावा लागतो. स्प्रेचं तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे नको, त्याच बाजूच्या कानाच्या दिशेने हवं; नाहीतर नाकातून रक्त येतं.

नाक धुताना आग होते ही तक्रारही होतीच. त्या नुसतं पाणी वापरत होत्या. एक मिनिट खळखळून उकळून कोमट केलेल्या २४० मिली पाण्यात पाव ते अर्धा चहाचा चमचा आयोडीन नसलेलं मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घातला की आग होत नाही. नळाचं न उकळलेलं पाणी नाकात कधीच नको.

चेहऱ्याचं दुखणं आधी जातं. घशात उतरणारा कफ आणि खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो, हेही आधीच सांगितलं. डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणं, मान आखडणं किंवा असह्य डोकेदुखी झाली, तर मात्र दहाव्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात.