नागपूर ते लंडन विमानाने किती अंतर आहे आणि किती वेळ लागतो?

सरळ हवाई अंतर साधारण ७,५०० किलोमीटर. पण नागपूरहून लंडनला थेट विमान नाही, त्यामुळे या आकड्यावरून वेळ काढू नका. मुंबईमार्गे गेलात तर मुंबईपर्यंत दीड तास आणि पुढे दहा तासांच्या आसपास. मधला थांबा धरून १५ ते १८ तास लागतात. दोहामार्गेही जाता येतं.

खरी काळजी घ्यायची ती मुंबईत. दोन्ही विमानांचं तिकीट एकत्रच काढा. वेगवेगळं काढलंत तर सामान घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं, आणि टर्मिनल १ वरून २ ला जायचं असेल तर रस्त्याने जावं लागतं. मध्ये चार तास तरी ठेवा. आईवडील पहिल्यांदाच एकटे जात असतील तर थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, पण एकच तिकीट घ्या आणि व्हीलचेअर आधीच नोंदवा.

परतीचा प्रवास तासाभराने कमी भरतो, कारण उंचावरचे पश्चिमेकडून येणारे वारे विमानाला पुढे ढकलतात. लंडनचं घड्याळ हिवाळ्यात साडेपाच तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेचार.