ऑफिस आधीच बसवलेले आहे, आता त्यातले घटक बदलायचे आहेत

प्रश्न : आमच्या सहकारी पतसंस्थेचे मुख्य कार्यालय आणि शाखा मिळून साठेक संगणक आहेत. सर्वांवर मायक्रोसॉफ्ट ऑफिस २०१६ ची प्रोफेशनल प्लस आवृत्ती व्हॉल्यूम लायसन्सने (अनेक संगणकांसाठीच्या एकत्रित परवान्याने) घेतलेली असून ती त्या वेळी सर्व घटकांसह सरसकट इन्स्टॉल केली होती. काही शाखांमधील कर्मचारी सभासदांची माहिती मूळ बँकिंग प्रणालीबाहेर ॲक्सेस या ऑफिसमधील डेटाबेस प्रोग्रॅमच्या फाइलींत ठेवतात, असा शेरा लेखापरीक्षकांनी मारला आहे. त्यामुळे लेखा विभाग वगळता सर्व संगणकांवरून ॲक्सेस काढावे, असा ठराव झाला आहे. पुरवठादाराच्या मते संपूर्ण ऑफिस काढून पुन्हा बसवावे लागेल. प्रत्येक शाखेत जाऊन हे करण्याइतकी माणसे आमच्याकडे नाहीत. दुसरा मार्ग आहे का?
— पतसंस्थेच्या संगणक विभागाचे प्रमुख, सांगली जिल्हा

उत्तर : मार्ग आहे, आणि त्यासाठी ऑफिस काढण्याची गरज नाही. मात्र कामाला हात घालण्यापूर्वी आपल्याकडील ऑफिस कोणत्या पद्धतीने बसवलेले आहे याची खात्री करून घ्यावी. ऑफिस २०१६ दोन पद्धतींनी मिळत असे : एक जुनी विंडोज इन्स्टॉलरची, जिला सगळे एमएसआय म्हणतात, आणि दुसरी क्लिक-टू-रन, म्हणजे इंटरनेटवरून उतरणारी व तेथूनच अद्ययावत होणारी. व्हॉल्यूम लायसन्सची प्रत सहसा एमएसआय असते, पण एखाद्या शाखेने मधल्या काळात नवा संगणक घेताना त्यासोबत आलेले ऑफिस तसेच ठेवले असेल, तर ते क्लिक-टू-रन असण्याची शक्यता मोठी. एक्सेल उघडून ‘फाइल’ आणि मग ‘अकाउंट’ येथे जावे. तेथे ‘अपडेट ऑप्शन्स’ हे बटण दिसले तर ती प्रत क्लिक-टू-रन आहे, न दिसल्यास एमएसआय. दुसरी खूण कंट्रोल पॅनेलमध्ये सापडते. ऑफिसच्या नावापुढे ‘चेंज’ दाबल्यावर घटक वाढवण्या-कमी करण्याचा पर्याय आला तर एमएसआय, आणि केवळ ‘क्विक रिपेअर’ व ‘ऑनलाइन रिपेअर’ असे दोनच पर्याय आले तर क्लिक-टू-रन. या दोन्हींच्या आज्ञा आणि फाइली वेगळ्या आहेत, आणि एकीची फाइल दुसरीवर चालत नाही.

एमएसआय प्रतीत प्रत्येक घटकाची अवस्था ठरवता येते : तो संगणकावर असावा, पहिल्यांदा वापरताना बसावा किंवा मुळीच नसावा. एका संगणकावर हे काम मेनूतून होते. अनेक संगणकांसाठी तेच म्हणणे एका छोट्या फाइलीत लिहून ठेवतात. सर्व्हरवर ऑफिसची मूळ प्रत ज्या फोल्डरमध्ये ठेवली आहे, त्यात ‘प्रोप्लस.डब्ल्यूडब्ल्यू’ नावाचे उपफोल्डर असते आणि त्यात ‘कॉन्फिग.एक्सएमएल’ ही फाइल असते. मूळ फाइलीला हात न लावता तिची प्रत वेगळ्या नावाने करावी. त्या प्रतीतील डिस्प्लेच्या ओळीत पातळी ‘नन’ ठेवावी, म्हणजे काम चालू असताना कर्मचाऱ्यासमोर एकही खिडकी उघडणार नाही. त्यानंतर ‘ऑप्शनस्टेट’ची ओळ लिहावी, ज्यात आयडी ‘ॲक्सेसफाइल्स’, स्टेट ‘ॲब्सेंट’ आणि चिल्ड्रन ‘फोर्स’ असेल. यातला शेवटचा शब्द विसरू नये, कारण त्याच्यामुळेच ॲक्सेसच्या पोटातील उपघटकांनाही तोच नियम लागू होतो. इतर घटकांचे आयडी हवे असतील तर ते त्याच उपफोल्डरमधील ‘सेटअप.एक्सएमएल’ या फाइलीत सापडतात. अंदाजाने नाव लिहू नये.

फाइल तयार झाल्यावर आज्ञा एवढीच : सेटअप, त्यापुढे ‘/मॉडिफाय प्रोप्लस’ आणि त्यापुढे ‘/कॉन्फिग’ व आपल्या फाइलीचा संपूर्ण मार्ग. (येथील नावे उच्चारानुसार दिली आहेत, प्रत्यक्षात ती रोमन लिपीत टंकावी लागतात.) शाखांची इंटरनेट लाइन मंद असेल तर सेटअप सर्व्हरवरून चालवण्याचीही आवश्यकता नाही. प्रत्येक संगणकावर मायक्रोसॉफ्ट शेअर्डच्या फोल्डरमध्ये, ‘ऑफिस१६’खालील ‘ऑफिस सेटअप कंट्रोलर’मध्ये सेटअपची एक स्थानिक प्रत असते आणि कंट्रोल पॅनेलही तिलाच हाक मारते. घटक काढण्यासाठी ती पुरते. घटक वाढवायचे असतील तेव्हा मात्र मूळ फाइली लागतात, आणि त्या सी ड्राइव्हवरील ‘एमएसओकॅश’ या लपवलेल्या फोल्डरमध्ये असतात. डिस्क भरली म्हणून हे फोल्डर परस्पर पुसून टाकणारे अनेक कार्यालयांत भेटतात. पुढे एखादा घटक बसवताना सेटअप मूळ सीडी मागत बसते आणि त्याचे कारण कोणाच्याच लक्षात येत नाही.

आता ही आज्ञा साठ ठिकाणी कशी पोहोचवायची? तिला त्या संगणकावरील प्रशासकाचे अधिकार लागतात, त्यामुळे ती कर्मचाऱ्याच्या लॉगिन स्क्रिप्टमध्ये घालून उपयोग नाही. संगणक डोमेनमध्ये, म्हणजे एका मध्यवर्ती सर्व्हरच्या नियंत्रणाखालील जाळ्यात, असतील तर ग्रुप पॉलिसीतील (त्या सर्व्हरवरून सर्व संगणकांना लागू होणाऱ्या नियमांतील) स्टार्टअप स्क्रिप्ट वापरावी; ती संगणक सुरू होताना सिस्टीम खात्याने चालते. नेमके येथेच बहुतेकांचे गाडे अडते. हाताने चालवलेली आज्ञा बिनबोभाट चालते, पण तीच स्टार्टअपला मुकाट्याने निष्फळ ठरते, कारण सिस्टीम खाते सर्व्हरवरील फोल्डरशी संगणकाच्या ओळखीने बोलते आणि त्या फोल्डरवर परवानगी फक्त कर्मचाऱ्यांना दिलेली असते. ‘डोमेन कॉम्प्युटर्स’ या गटाला तेथे वाचण्याची परवानगी द्यावी. शिवाय स्टार्टअप स्क्रिप्ट दर वेळी चालते. म्हणून आधी ॲक्सेसची मुख्य फाइल संगणकावर आहे का हे तपासावे आणि असेल तरच सेटअपला हाक मारावी. अन्यथा रोज सकाळी काउंटरसमोर रांग लागलेली असताना संगणक सुरू व्हायला विनाकारण वेळ लागेल. सेटअपने शून्य परत केले तर काम झाले असे समजावे, आणि ३०१० परत केले तर काम झाले आहे पण संगणक पुन्हा सुरू करणे बाकी आहे असे समजावे. जी शाखा डोमेनबाहेर आहे, तेथे कोणाला तरी प्रशासकाच्या खात्याने ही आज्ञा एकदा चालवावीच लागेल.

ऑफिस कस्टमायझेशन टूलने तयार केलेली एमएसपी, म्हणजे इन्स्टॉलेशनमधील बदल सांगणारी, फाइल ‘अपडेट्स’ फोल्डरमध्ये टाकली की पुरे, असाही सल्ला आपल्याला मिळेल. ते फोल्डर केवळ पहिल्यांदा ऑफिस बसवताना पाहिले जाते. आधीच बसलेल्या प्रतींवर त्याचा काहीही परिणाम होत नाही.

दोन गोष्टी आपण विचारलेल्या नाहीत, पण सांगणे भाग आहे. ॲक्सेस काढल्याने ॲक्सेसच्या फाइली जात नाहीत. सभासदांची माहिती जेथे होती तेथेच राहते, पेन ड्राइव्हवर जाते आणि दुसऱ्या संगणकावर उघडते. त्यामुळे लेखापरीक्षकांचा शेरा केवळ या कामाने निकाली निघेल असे मला वाटत नाही. आधी एसीसीडीबी आणि एमडीबी या विस्ताराच्या फाइली शोधून त्यांची यादी करावी, त्यातील माहिती मूळ प्रणालीत घ्यावी, आणि शाखांच्या कोणत्या एक्सेल तक्त्यांत या फाइलींमधून आकडे ओढले जातात तेही पाहावे. महिनाअखेरीचा एखादा तक्ता अचानक रिकामा दिसू लागला तर दोष आपल्या माथी येईल. एखाद्या शाखेला तयार डेटाबेस फक्त वापरायचा असेल, त्याची रचना बदलायची नसेल, तर ॲक्सेस रनटाइम विनामूल्य मिळते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ या दोन्हींना मायक्रोसॉफ्टचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. पैशांचे व्यवहार करणाऱ्या संस्थेने सुरक्षा अद्यतने न मिळणाऱ्या प्रतीवर फार कष्ट घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. वरील बदल तात्पुरता म्हणून अवश्य करावा, परंतु कोणत्या टेबलावर कोणता घटक हवा याची जी यादी त्यानिमित्ताने तयार होईल, ती पुढील आवृत्तीसाठी जपून ठेवावी.

ऑफिस २०१९ पासून पुढच्या सर्व विंडोज आवृत्त्या, तसेच मायक्रोसॉफ्ट ३६५ ॲप्स, केवळ क्लिक-टू-रन पद्धतीने येतात. तेथे एमएसआयसारखा घटक-उपघटकांचा विस्तृत वृक्ष नाही. सबंध प्रोग्रॅम वगळता येतो, त्याच्या पोटातील उपघटक नाही. साधन म्हणजे ऑफिस डिप्लॉयमेंट टूल. त्याच्या फाइलीत ‘एक्सक्लूडॲप’ अशी ओळ लिहून ‘/कॉन्फिगर’ ही आज्ञा चालवली की आधी बसलेला प्रोग्रॅमही निघतो. एमएसआयची सवय असलेला माणूस येथे हमखास चकतो. एमएसआयची फाइल ‘एवढा बदल कर’ असे सांगते, तर क्लिक-टू-रनची फाइल ‘शेवटी अशी स्थिती हवी’ असे सांगते. पूर्वी पब्लिशर वगळले असेल आणि नव्या फाइलीत फक्त ॲक्सेसचा उल्लेख केला, तर पब्लिशर परत येऊन बसते. म्हणून दर वेळी वगळण्याची यादी पूर्ण लिहावी. या यादीतील नावेही जुन्या वळणाची आहेत : स्काइप फॉर बिझनेससाठी अजूनही ‘लिंक’ (Lync) लिहावे लागते आणि जुन्या वनड्राइव्ह फॉर बिझनेससाठी ‘ग्रूव्ह’. फाइल हाताने लिहायची नसेल तर कॉन्फिग.ऑफिस.कॉम या संकेतस्थळावर खुणा करून ती तयार मिळते. त्याच फाइलीत ‘रिमूव्हएमएसआय’ ही ओळ घातली की जुने २०१६ काढण्याचे कामही होते.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयात ऑफिस एलटीएससी २०२१ आहे. सर्व संगणकांवर मराठी शुद्धलेखन तपासणी आणि दोन ठिकाणी कोकणीही हवी आहे. पूर्ण ऑफिस पुन्हा डाउनलोड करावे लागेल का?
— कार्यालय अधीक्षक, गोवा

उत्तर : नाही. वर सांगितलेल्या डिप्लॉयमेंट टूलच्या फाइलीत ‘प्रूफिंगटूल्स’ हे स्वतंत्र उत्पादन म्हणून लिहावे आणि त्याखाली भाषेची ओळ द्यावी : मराठीसाठी ‘एमआर-आयएन’, कोकणीसाठी ‘केओके-आयएन’. आवृत्तीच्या जागी ‘मॅचइन्स्टॉल्ड’ लिहिले म्हणजे संगणकावर जी आवृत्ती आहे तिच्याशी जुळणाऱ्याच फाइली उतरतात. हे न लिहिल्यास भाषेबरोबर सगळे ऑफिसही अद्ययावत होऊ लागण्याची शक्यता असते.

भाषा बसल्यानंतरही तपासणी होत नाही अशी तक्रार येणार हे गृहीत धरावे. वर्ड कोणत्या शब्दकोशाने मजकूर तपासायचा हे त्या मजकुराला लावलेल्या भाषेवरून ठरवतो. विंडोजचा मराठी कळफलक वापरून टंकलेला मजकूर मराठी म्हणून ओळखला जातो. परंतु आपल्या कार्यालयातील जुनी परिपत्रके कृतिदेव किंवा जुन्या श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये असतील, तर ती पडद्यावर देवनागरी दिसत असली तरी आत रोमन अक्षरेच असतात, आणि वर्ड त्यांना चुकीचे इंग्रजी समजून पानभर लाल रेघा ओढतो. ती फाइल आधी युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरी अक्षरे देवनागरी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, रूपांतरित करावी. नवीन भाषा बसवून हा प्रश्न सुटत नाही.

प्रश्न : आमच्या सार्वजनिक वाचनालयातील संगणकांवर लिबरऑफिस आहे. ते मराठीत दिसावे म्हणून वेगळे पॅकेज लागते का?
— ग्रंथपाल, अमरावती

उत्तर : विंडोजच्या मुख्य इन्स्टॉलरमध्ये सर्व भाषांतील मेनू आधीपासूनच असतात, त्यामुळे वेगळे पॅकेज लागत नाही, मदतीची पाने तेवढी स्वतंत्र उतरवावी लागतात. इन्स्टॉलर एमएसआय असल्याने तो आज्ञेने चालवताना ‘यूआय_लँग्ज’ या गुणधर्मात ‘ईएन_यूएस’ आणि ‘एमआर’ हे दोन संकेत मध्ये जागा न सोडता स्वल्पविरामाने जोडून द्यावेत. त्यानंतर ‘टूल्स’मधील ‘ऑप्शन्स’ उघडून भाषेच्या पानावर मराठी निवडावी आणि लिबरऑफिस बंद करून पुन्हा उघडावे. वाचकांसाठी ठेवलेल्या संगणकांवर इंग्रजीही राहू द्यावी.